दगडातून पसरणारी निळाई

क्रोएशियात एड्रिॲटिक समुद्राच्या काठी मकार्स्का नावाचं गाव आहे. गावाच्या पाठीशी बियोकोवो पर्वत जवळजवळ सरळ उठतो. स्वेती यूरे हे त्याचं शिखर १७६२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून शंभरेक मीटरने उंच. सगळा डोंगर चुनखडीचा. पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून तडक आत जिरून जातो, वर माती अशी फारशी उरतच नाही. उन्हाळा कोरडा, आणि हिवाळ्यात डोंगराकडून समुद्राकडे सुटणारा ‘बुरा’ नावाचा बोचरा वारा. अशा ठिकाणी कड्यांच्या सावलीतल्या चिरांमध्ये हिरव्या पानांच्या बुटक्या गाद्या दिसतात आणि जूनच्या सुमारास त्या जांभळट निळ्या फुलांनी झाकून जातात. हे कॅम्पॅन्युला पोर्टेन्श्लागियाना. थंड हवेच्या देशांतल्या बागांत पायऱ्यांच्या कडेला आणि दगडी भिंतींवर जी निळी झालर दिसते, ती बहुतेक वेळा याची किंवा याच्या भावंडांची असते.

कॅम्पॅन्युला या प्रजातीत चारशेहून जास्त जाती आहेत. घंटेच्या आकाराचं, पाच पाकळ्या बुडाशी जोडलेलं फूल ही त्यांची खूण. काही जाती माणसाच्या कमरेएवढ्या वाढतात, काही वर्षा-दोन वर्षांत फुलून मरतात. आपल्याला इथे बघायच्या आहेत त्या मोजक्या बुटक्या, बहुवर्षायू जाती, ज्या जमिनीला धरून पसरतात आणि म्हणून ग्राउंड कव्हर म्हणून लावता येतात. त्यांचा पसरण्याचा स्वभाव डोंगरावरच्या भेगांनी घडवला आहे. हे एकदा लक्षात घेतलं की त्यांना कुठे लावावं, किती पाणी द्यावं आणि कोणत्या जातीपासून लांब राहावं, या सगळ्याची उत्तरं आपोआप सुचू लागतात.

पोर्टेन्श्लागियाना हे अवघड नाव फ्रान्झ फोन पोर्टेन्श्लाग-लेडरमायर या व्हिएन्नाच्या वकिलावरून आलं. वनस्पतींचा हा नादिष्ट अभ्यासक १८१८ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या लवाजम्याबरोबर डाल्मेशियात हिंडला आणि बरेच नमुने गोळा करून परतला. पुढच्याच वर्षी या जातीचं वर्णन त्याच्या नावाने छापून आलं. दुसरी महत्त्वाची जात कॅम्पॅन्युला पोशार्स्कियाना. हिचं घर त्याच पर्वतरांगेत थोडं दक्षिणेला, दुब्रोव्हनिकच्या मागच्या डोंगरांपासून हर्झेगोव्हिना आणि माँटेनेग्रोपर्यंत. ती शास्त्राला माहीत झाली फार उशिरा. हंगेरियन वनस्पतिशास्त्रज्ञ आर्पाद फोन डेगन यांनी १९०८ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ड्रेस्डेनच्या वनस्पती उद्यानाचे निरीक्षक गुस्टाफ पोशार्स्की यांचं नाव तिला दिलं. नर्सरीत ती ‘सर्बियन बेलफ्लॉवर’ म्हणून मिळते.

या दोघी शेजारणी दिसायला वेगळ्या आहेत. पोर्टेन्श्लागियाना दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, घट्ट, दातेरी हृदयाकृती पानांची. तिची फुलं गडद आणि खरोखर घंटेसारखी. पोशार्स्कियानाची फुलं फिकट, पाकळ्या खोलवर चिरलेल्या, त्यामुळे घंटेपेक्षा चांदणीच्या आकाराची. तिच्या फुलांच्या काड्या हातभर लांब होतात आणि जमिनीवर किंवा भिंतीवरून खाली लोळतात. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात वॉल्टर इंगवर्सन यांच्या बर्च फार्म या नर्सरीत या दोघींचा संकर झाला आणि तो ‘बर्च हायब्रिड’ या नावाने आजही विकला जातो. आईबापांच्या मधली वाट त्याने पकडली आहे: पोर्टेन्श्लागियानापेक्षा जोमदार, पोशार्स्कियानापेक्षा आवरलेला.

आता फुलाबद्दल, कारण या झाडात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. कळी मिटलेली असतानाच पाचही पुंकेसर मधल्या कुक्षिवृंताभोवती नळीसारखे चिकटून उभे राहतात आणि आपले परागकण आतल्या बाजूला, त्या वृंतावरच्या बारीक केसांवर सोडून देतात. फूल उमलतं तेव्हा पुंकेसर सुकून आक्रसलेले असतात आणि परागांनी माखलेला वृंत एकटा मधोमध उभा असतो. बघणाऱ्याला तो पराग स्त्री-अवयवाचाच वाटावा. मधमाश्या येऊन पराग नेतात, आणि दरम्यान ते केस एकेक करून चक्क आतल्या आत ओढले जातात, हातमोज्याचं बोट आत वळावं तसे. त्यामुळे पराग हळूहळू सुटा होत जातो, एकाच माशीच्या पदरात सगळा पडत नाही. काही दिवसांनी वृंताचं टोक तीन भागांत उलगडतं आणि तेव्हा कुठे फूल दुसऱ्या फुलाचे पराग स्वीकारायला तयार होतं. काही जातींत हे तीन भाग शेवटी इतके मागे वळतात की वृंतावर राहिलेल्या स्वतःच्याच परागांना टेकतात. बाहेरून कोणी आलं नाहीच तर निदान एवढं तरी बी धरावं, अशी ही सोय.

युरोपात केलोस्टोमा कॅम्पॅन्युलारम नावाची एक एकांडी माशी आहे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची, काळी आणि सडपातळ. ती आपल्या पिल्लांसाठी पराग गोळा करते ते फक्त कॅम्पॅन्युलांच्या फुलांतून. तिचे नर रात्री आणि पावसाळी हवेत याच फुलांमध्ये शिरून झोपतात. युरोपातल्या बागेत चटईभर कॅम्पॅन्युला लावणं म्हणजे या माशीला घर आणि अन्न दोन्ही देणं असतं. लावणाऱ्याने निळ्या रंगाइतकंच हेही कारण मानावं, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात मात्र पोर्टेन्श्लागियाना आणि पोशार्स्कियाना या दोघींचं जमणार नाही. पोर्टेन्श्लागियानाला थंडीचा चांगला मुक्काम मिळाल्याशिवाय नीट कळ्या धरत नाहीत, आणि गरम, दमट रात्रींत तिच्या दाट गादीला सहज कुज लागते. महाबळेश्वरला गारवा असला तरी तिथला पाऊस तिला जगू देणार नाही. पण कॅम्पॅन्युलाचं कुळ आपल्या ओळखीचं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर हिवाळ्यात पुरुषभर उंचीचे पांढऱ्या फुलांचे तुरे उभे दिसतात तो देवनळ, म्हणजे लोबेलिया निकोटियानिफोलिया, याच कुळातला. पानं-खोड तोडलं की देवनळ आणि कॅम्पॅन्युला दोन्हींतून पांढरा चीक येतो, फक्त देवनळाचा चीक विषारी. परागांची नळी आणि त्यातून वर सरकणारा वृंत ही युक्ती देवनळही वापरतो. निलगिरीच्या उंच कातळांवर कॅम्पॅन्युला अल्फॉन्सी ही खास तिथली जात आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८३० मध्ये, या कुळावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या अल्फॉन्स द कांदोल यांचं नाव तिला दिलेलं आहे. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला ऑगस्टमध्ये जाणाऱ्या मराठी ट्रेकर मंडळींनी तर सायनँथस लोबेटस नक्की पाहिलेलं असतं. दगडांमधून सपाट पसरलेली ती निळी-जांभळी चटई कॅम्पॅन्युलाच्या कुळातलीच. आपल्या हवेत असं निळं आच्छादन हवंच असेल तर माळावरची विष्णुक्रांत बघावी. तिचं कूळ वेगळं, पण बुटकेपणा, पसरणं आणि निळाई या तिन्हींत ती कमी नाही.

इथून पुढचं सगळं थंड हवेसाठी. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, सिएटल, टोरोंटो अशा ठिकाणी घर केलेल्या आणि अंगणात थोडी माती मिळालेल्या मराठी माणसांना ते उपयोगी पडेल.

ग्राउंड कव्हर तण रोखतं म्हणतात, ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. तणांच्या बारीक बिया मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि उगवायची वेळ झाली का ते प्रकाशावरून ओळखतात. बीमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उघड्या उन्हातला तांबडा प्रकाश पडला की ते उगवणीचा इशारा देतं. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात मात्र तांबडा भाग पानांनी शोषून घेतलेला असतो आणि अतितांबडा तेवढा खाली पोचतो. बीला कळतं की वर आधीच कोणीतरी बसलेलं आहे, आणि ती थांबून राहते. म्हणजे आच्छादन दाट असेल तरच काम करतं, विरळ असेल तर नुसतं शोभेचं. त्यातही मेख अशी की कडक हिवाळ्यात या कॅम्पॅन्युलांची पानं बरीचशी झडतात, आणि वसंतात नवी पानं येईपर्यंत काही आठवडे जमीन उघडी पडते. खुरपं घेऊन बसायचं ते तेव्हा.

दाटपणा येतो तो पसरण्यातून, आणि इथे प्रत्येक जातीची रीत निराळी. पोर्टेन्श्लागियाना मातीच्या जरा खालून आखूड धुमारे सोडते आणि दरवर्षी गादीची कड थोडी थोडी पुढे सरकवते. तिला आवरणं सोपं. पोशार्स्कियाना खालूनही पसरते आणि वरूनही लांब काड्या टाकते, शिवाय भिंतीच्या फटींत बी रुजवते. मोठा उतार, झाडाखालची कोरडी सावली, कुंपणाचा पाया अशा जागा तिला द्याव्यात. छोट्या वाफ्यात नाजूक झाडांच्या शेजारी तिला बसवलं तर ती त्यांना झाकून टाकते. आल्प्समधली कॅम्पॅन्युला कॉक्लिआरिफोलिया सगळ्यांत लहान, दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. तिची भूमिगत खोडं दोऱ्याइतकी बारीक, खडीतून वाट काढत जिथे जागा मिळेल तिथे चार पानं वर काढतात. फरसबंदीच्या सांध्यांमध्ये हिच्यासारखं दुसरं झाड नाही. सरकत्या दरडींच्या खडीत वाढणाऱ्या झाडाला असंच हलकं आणि फिरतं राहावं लागतं. कार्पेथियन डोंगरांतली कॅम्पॅन्युला कार्पाटिका याच रांगेत विकायला ठेवलेली असते, फुलंही मोठी आणि वर तोंड केलेली. पण ती बेटासारखी एका जागी राहते, पसरत नाही. ग्राउंड कव्हर म्हणून घ्यायची तर रोपं जवळजवळ आणि पुष्कळ लावावी लागतात.

या झाडांची खरी जागा भिंत. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड बसवलेला, आणि पावसाळ्यात फटीफटीतून नेचे, तेरडे डोकावणारा. ब्रिटनमध्येही अशा रचीव भिंती गावोगावी आहेत. बागरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी १९०१ मध्ये ‘वॉल अँड वॉटर गार्डन्स’ हे पुस्तक लिहिलं, त्यात अशा भिंती झाडांनी कशा सजवाव्यात हे तपशिलात आहे. भिंत नव्याने रचत असाल तर काम सोपं. दगडांचा एक थर लावायचा, त्यावर थोडी माती पसरायची, रोप आडवं ठेवून मुळं आतल्या भरावापर्यंत नेऊन पसरायची आणि वर पुढचा दगड बसवायचा. भिंत किंचित मागे झुकती हवी, म्हणजे पावसाचं पाणी फटीत उतरतं. जुन्या भिंतीत मोठं रोप कोंबण्याच्या भानगडीत पडू नये. अगदी लहान रोप घ्यावं, मुळांभोवती ओलं शेवाळ गुंडाळावं आणि काडीने हलकेच आत सारावं. मुळं एकदा दगडामागच्या गारव्यात पोचली की कोरड्या उन्हाळ्यातही ती टिकतात, कारण त्यांच्या मूळ डोंगरात त्यांचं असंच चाललेलं असतं.

भिंत नसेल तर वाफाही चालतो, पण निचरा सांभाळायला हवा. चिकणमातीची जमीन असेल तर खडी मिसळून वाफा थोडा उंच करावा. माती चुनखडीची किंवा उदासीन सामूची असली तर उत्तम. खत बेताचंच द्यावं, फार दिलं की पानं माजतात आणि फुलं कमी होतात. थंड उन्हाळ्याच्या देशात पूर्ण ऊन चालतं, जिथे उन्हाळा तापतो तिथे दुपारची सावली हवी. गडद सावलीत झाड जगतं पण फुलत नाही. वसंतात किंवा शरदाच्या सुरुवातीला रोपं लावावीत. पोर्टेन्श्लागियानाच्या दोन रोपांत फूटभर अंतर पुरे, पोशार्स्कियानाला दीड-दोन फूट. लावण्याआधी जमिनीतल्या बहुवर्षायू तणांची मुळं, विशेषतः हरळीसारख्या गवतांची आणि रानवेलींची, चाळून काढावीत. हे काम कंटाळवाणं आहे आणि पुष्कळजण ते टाळतात. पण गादी एकदा जमली की तिच्यातून हरळी उपटता येत नाही, सगळं खणून पुन्हा लावावं लागतं. पहिला उन्हाळा नियमित पाणी द्यावं, नंतर फारशी गरज पडत नाही. आणि ही गादी तुडवण्यासाठी नाही. हिरवळीसारखं तिच्यावरून चालता येईल अशी कोणी समजूत करून देत असेल तर ती चुकीची आहे.

जून-जुलैचा पहिला बहर ओसरला की कात्रीने वरवर सगळी छाटणी करावी. झाड आठवडाभर बोडकं दिसतं, मग ताजी पानं येतात आणि शरदाआधी थोडी फुलंही. मधून उघडी पडत चाललेली जुनी गादी वसंतात उकरून तिचे मुळांसकट तुकडे करावेत आणि पुन्हा लावावेत. बी धुळीइतकं बारीक असतं. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही, कारण त्यालाही उगवायला उजेड लागतो. रोगराई फार नाही. खरा शत्रू म्हणजे गोगलगाय, त्यातही बिनशंखाची. दाट गादीखालचा ओलावा तिला आवडतो. कॉक्लिआरिफोलियाची कोवळी पानं ती एका रात्रीत फस्त करते. खडीत आणि भिंतीवर लावलेल्या झाडांना हा त्रास बराच कमी होतो.

वसंतात युरोपातल्या सुपरमार्केटांत फुलांनी डवरलेली कॅम्पॅन्युलाची छोटी कुंडी मिळते. ती घरातली शोभा म्हणून घेतली जाते आणि फुलं संपली की कचऱ्यात जाते. डेन्मार्क-नेदरलँड्सच्या काचघरांत वाढवलेली ही झाडं बरेचदा पोर्टेन्श्लागियानाच असतात. लेबल वाचावं, तेच नाव असेल तर सुकलेली फुलं कापावीत आणि झाड बाहेर दगडांच्या मधे लावावं. स्वस्तात याहून चांगलं रोप मिळणं कठीण. कॅम्पॅन्युला आयसोफिला असं लिहिलं असेल तर मात्र थांबावं. ती इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरची, तिला कडक हिमाचा हिवाळा सोसत नाही.

कॅनडात आणि अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. कॅम्पॅन्युला रॅपन्क्युलॉइडिस ही युरोपातून शोभेसाठी तिकडे गेलेली जात. इंग्रजीत तिला ‘क्रीपिंग बेलफ्लॉवर’ म्हणतात, आणि त्या नावावरून ती ग्राउंड कव्हर असावी असं वाटतं. ती तशी नाही. तिच्या उभ्या काड्या कंबरभर वाढतात, एकाच बाजूला झुकलेल्या जांभळ्या घंटा येतात आणि पसरण्याचं सगळं काम जमिनीखाली चालतं. वर आडव्या धावणाऱ्या बारीक मुळ्या, आणि त्यांच्या खाली अन्न साठवणारी जाड, पांढरी, खोल गेलेली मुळं. वरचं उपटलं की खालचं पुन्हा फुटतं. जाड मुळाचा तुकडा राहिला तरी त्यातून नवं झाड येतं. बिया हजारांनी पडतात. शिवाय परक्या झाडाचा पराग मिळाला नाही तर तिची फुलं जुनी होता होता स्वतःचाच पराग चालवून घेऊ लागतात, त्यामुळे चुकून आलेलं एकटं झाडही बी धरू शकतं. हिरवळीतल्या रुंद पानांच्या तणांवर सर्रास मारतात ते टू-फोर-डी हे तणनाशक तिच्यावर फारसं चालत नाही. अल्बर्टा प्रांताने तिला कायद्याने उपद्रवी तण ठरवलं आहे. कॅलगरीच्या जुन्या वस्त्यांत कुंपणाखालून शेजारच्या अंगणात शिरलेली ती सहज दिसते. कधी कधी ती ॲडेनोफोरा या तिच्या साध्यासरळ नातेवाइकाच्या नावाखाली हातोहात दिली जाते, म्हणून ओळखीतून मिळालेलं रोप तपासून घ्यावं.

घर विकत घेतलं आणि अंगणात ती आधीच असली, तर वरवर खुरपत बसू नये. माती ओली असताना फावड्याने खोल खणावं, जाड मुळं अखंड निघतील असं बघावं आणि ती कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्यावीत. फुलांच्या काड्या बी धरण्याआधी कापत राहावं. ती जागा एक-दोन हंगाम रिकामी ठेवून येणारा प्रत्येक कोंब काढावा, आणि मगच तिथे पोर्टेन्श्लागियाना लावावी. घाई केली तर दोघींची कोवळी पानं सारखीच हृदयाकृती आणि दातेरी असल्यामुळे गादीत शिरलेली रॅपन्क्युलॉइडिस काडी वर येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि तोवर तिची मुळं खाली गेलेली असतात.